गच्ची, ओपन स्पेस आणि लाभार्थी : सार्वजनिक वसाहतींतील लोकसहभागाच्या कल्पनेची एक चिकित्सा

सार्वजनिक पैशाने उभारलेल्या घरांत राहणाऱ्यांनी आपल्या वसाहतीच्या कारभारात व सामाजिक जीवनात आस्थेने भाग घ्यावा, ही अपेक्षा शासकीय व अर्धशासकीय लेखनात आता इतक्या वारंवार व्यक्त होते की, तिचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणास वाटत नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द योजनेच्या प्रस्तावनेत येतो, उद्घाटनाच्या भाषणात येतो आणि योजना फसल्यानंतरच्या अहवालात ‘लोकसहभागाचा अभाव’ या रूपाने पुन्हा येतो. यशाचे श्रेय योजकांस व अपयशाचा दोष रहिवाशांस, अशी वाटणी या एका शब्दाने सोयीची होते. रहिवाशांना ‘उद्युक्त’ करावे म्हणजे ते पुढे येतील, हे या साऱ्या लेखनाचे गृहीतकृत्य आहे. ते मराठी समाजाच्या अनुभवाशी आणि त्या अनुभवाचे चित्रण करणाऱ्या मराठी साहित्याशी कितपत जुळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

या विचारासाठी मुंबईपेक्षा सावेडीचे उदाहरण अधिक उपयुक्त ठरेल. एकेकाळी स्वतंत्र गाव असलेले सावेडी आज अहिल्यानगर शहराचे (२०२४ साली नामांतर होईपर्यंत अहमदनगर) सर्वांत विस्तारलेले उपनगर आहे. येथील स्थलनामे वाचत गेले तरी नागरीकरणाचा इतिहास थोडक्यात उलगडतो. प्रोफेसर कॉलनी हे नाव व्यवसायावरून, श्रमिकनगर हे श्रमावरून, तर पाइपलाइन रोड हे मुळा धरणाचे पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून पडले. आणि ‘प्रेमदान हडको’ या नावातील उत्तरार्ध दिल्लीत १९७० साली स्थापन झालेल्या एका वित्तसंस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा आहे. महाराष्ट्रातील कितीतरी शहरांत अशी ‘हडको’ आढळते. घरे बांधली दुसऱ्याच यंत्रणेने, राहावयास आले तिसरेच, आणि नाव मात्र कर्ज देणाऱ्याचे राहिले. वसाहतीस तिच्या सावकाराचे नाव पडावे व रहिवाशांस त्याचे काहीच वाटू नये, ही गोष्ट विनोदी आहे खरी. तथापि वसाहत आणि वसणारे यांच्या नात्याचा प्रश्न तिच्यातच सुरू होतो.

या नात्याचे स्वरूप भाषेत स्पष्ट उमटलेले आहे. जुन्या चाळीत राहणारा तो ‘बिऱ्हाडकरू’ किंवा ‘भाडेकरू’. या दोन्ही शब्दांतील ‘करू’ हा प्रत्यय कर्तृत्ववाचक आहे. बिऱ्हाड करणारा, भाडे भरणारा असा क्रियेचा धनी त्यात अभिप्रेत आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या भाडेकरूस मालकाविरुद्ध उभे राहण्याचे बळ दिले. परंतु शासनाच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या जागांना तो कायदा लागू नव्हता. खाजगी मालकाच्या भाडेकरूस जे संरक्षण होते ते सरकारच्या भाडेकरूस नव्हते, ही विसंगती सार्वजनिक गृहनिर्माणाच्या इतिहासात फारशी चर्चिली गेलेली नाही. १९४८ च्या अधिनियमाने मुंबई गृहनिर्माण मंडळाची वाट मोकळी झाली आणि मंडळाच्या कागदपत्रांत ‘गाळेधारक’ हा शब्द रुळला. गाळा म्हणजे मुळात दोन खांबांमधील जागा. गाळेधारक म्हणजे ती जागा धारण करणारा. माणसाचे घर येथे बांधकामाच्या मोजमापात मोजले गेले. पुढे १९७६ च्या अधिनियमान्वये म्हाडाची स्थापना होऊन निरनिराळी मंडळे तिच्यात विलीन झाली आणि नगर जिल्हा नाशिक मंडळाच्या कक्षेत आला. गाळेधारकाचा ‘सदनिकाधारक’ झाला, हप्ते फिटल्यावर तो मालक झाला आणि १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली संस्था नोंदली गेल्यास ‘सभासद’ही झाला. अलीकडच्या योजनांनी मात्र हे सर्व शब्द मागे सारून ‘लाभार्थी’ हा एकच शब्द प्रस्थापित केला आहे.

लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा. त्याच्या वाट्यास इच्छा करण्यापलीकडे दुसरे क्रियापद उरत नाही. ज्याला अर्जापासून चावीपर्यंत याच नावाने संबोधले, त्याने चावी हातात पडताच एकाएकी कर्ता व्हावे, सभेस यावे, वर्गणी द्यावी, नाल्या व दिवे यांची चिंता वाहावी, अशी अपेक्षा करणे हे व्याकरणाच्याही विरुद्ध आहे. मराठीत ‘गावकरी’ आहे, ‘शेतकरी’ आहे, ‘वारकरी’ आहे. गोव्यात तर ‘गावकरी’ या नावाची भूमीच्या सामाईक मालकीची संस्थाच होऊन गेली. ‘चाळकरी’ही आहे. परंतु ‘वसाहतकरी’ असा शब्द भाषेने घडविलेला नाही. शब्दाच्या अभावावरून वस्तूचा अभाव सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही ही उणीव नोंदण्याजोगी आहे.

‘चाळकरी’ या शब्दाला मराठी मनात जे स्थान मिळाले त्याचे बरेचसे श्रेय पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकास व १९६१ पासून त्यांनी रंगमंचावर सादर केलेल्या त्याच्या एकपात्री प्रयोगास आहे. या पुस्तकाची समीक्षा बहुधा विनोदाच्या अंगाने झाली, आणि त्यातील अखेरच्या चिंतनामुळे ती गतकाळाच्या हळहळीकडे वळली. परिणामी त्यातील ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ या प्रकरणाकडे संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. प्रत्यक्षात हे प्रकरण भाडेकरूंच्या सामुदायिक कृतीचे मराठीतील कदाचित सर्वांत अचूक चित्रण आहे. चाळीतील माणसे कोणाच्या उपदेशाने एकत्र येत नाहीत. गच्ची आहे, ती सर्वांच्या डोक्यावर आहे, आणि ती बंद आहे, एवढ्याने ती एकत्र येतात. ज्या जागेवर आपला हक्क आहे असे प्रत्येकास वाटते व जी एकट्यास मिळणे शक्य नाही, अशी एक गोष्ट समोर असली की सभा भरते, अध्यक्ष निवडला जातो, ठराव होतात, फूट पडते आणि समेटही होतो. लेखकाने या सर्व हालचालींची थट्टा केली आहे. परंतु थट्टेचा विषय झालेली ही सार्वजनिक वृत्ती त्याने खोटी ठरविलेली नाही. उलट, उपासापासून प्रवासापर्यंत चाळीतील प्रत्येक खटाटोप फसत असतानाही माणसे पुन्हा पुढच्या खटाटोपासाठी जमतात, हे तो आवर्जून दाखवितो. सहभाग हा यशावर अवलंबून नसतो, हा त्यातील मार्मिक भाग अहवाल लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

तथापि या पुस्तकावरून सामान्य सिद्धांत काढणे घाईचे होईल. बटाट्याची चाळ खाजगी मालकाची आहे व तिच्यातील माणसे मुख्यतः कारकुनी पेशाची, लिहितीवाचती, पांढरपेशी आहेत. सभेचे कामकाज कसे चालते हे त्यांना ठाऊक आहे. किंबहुना त्यांना त्याचा सोस आहे. सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या चाळींचे जग निराळे होते. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने परळला बांधलेल्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वास्तव्य सुमारे दोन तपे होते, आणि त्याच काळात त्यांच्या सार्वजनिक कार्याचा पाया घातला गेला. १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, मधून जाणारा बोळ आणि मजल्यावर सामाईक नळ व शौचकूप, असा त्यांचा आराखडा होता. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी मुंबईच्या चाळींची संभावना माणसांची वखार अशा अर्थाच्या शब्दांत केली होती. असे असूनही या वखारींत कामगार संघटना, व्यायामशाळा, भजनी मंडळे, कलापथके व बुद्धविहार उभे राहिले. आराखड्याने जे दिले नाही ते रहिवाशांनी बोळात निर्माण केले.

येथे गतकाळाच्या गौरवात रमणाऱ्यांस एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. याच वरळीच्या चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली, ती दीर्घकाळ धुमसत राहिली, आणि त्या संघर्षात भागवत जाधव या तरुण कार्यकर्त्याचा बळी गेला. एकाच जिन्याने चढणारी, एकाच नळावर पाणी भरणारी माणसे जातीच्या रेषेवर दुभंगली. शेजारामुळे समाज आपोआप घडतो, ही समजूत त्या हिवाळ्यात खोटी ठरली. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेत घर मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी माणसाला आपली ओळख दडवावी लागते. अशा माणसाला सहभागाचे आवाहन करणे म्हणजे त्याला उघडे पडण्याचे आवाहन करणे होय. अकोले तालुक्यातील धामणगाव व मुंबईतील कावाखाना या दोन ठिकाणांमध्ये वाढलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) वस्ती हा आधारही आहे आणि काचही. नगर जिल्ह्यातील खेड्यातून निघालेल्या माणसास शहरातील वस्तीने काय दिले व काय नाकारले, याचा इतका निर्भय हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडतो. ‘समाज’ हा शब्द एकवचनी वापरणाऱ्या योजनालेखनाने ही पुस्तके वाचलेली नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते.

रहिवाशांना उद्युक्त करण्याच्या प्रयत्नांपैकी एक मात्र अपवादात्मक आहे, आणि तो मराठी सत्तेच्याच परिसरात घडला. होळकरांच्या इंदुरात प्लेगने थैमान घातले असता नगररचनेच्या कामासाठी आलेल्या गेडिस यांनी दिवाळीस एक मिरवणूक काढविली. मिरवणुकीचा मार्ग परंपरेने ठरलेला नसेल, ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत स्वच्छ व नीटनेटकी केलेली असतील त्या रस्त्याने ती जाईल, असे त्यांनी आधी जाहीर केले. मिरवणुकीत रोगराईचे प्रतीक म्हणून राक्षसी उंदीर होता, आणि शहर झाडणाऱ्या सफाई कामगारांस स्वच्छ वेश व फुले देऊन मानाने सामील करून घेतले होते. शहरभर गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर निघाला. सहभाग मागण्यापूर्वी गेडिस यांनी रहिवाशांना दोन गोष्टी दिल्या. एक, निकाल ठरविण्याची शक्ती; कारण मार्ग खरोखरच त्यांच्या कामावर ठरणार होता. आणि दुसरी, आनंद. ज्या अहिल्याबाईंच्या कर्तृत्वाने होळकरांच्या राज्याची कीर्ती झाली, त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा आणि त्यांचेच नाव आज नगर जिल्ह्याने धारण केले आहे. इंदूरच्या त्या दिवाळीची आठवण या जिल्ह्यात कोणी काढल्याचे मात्र दिसत नाही.

निकाल ठरविण्याच्या शक्तीचा हा मुद्दा पुढे १९६९ साली शेरी आर्नस्टीन या अमेरिकन लेखिकेने एका प्रसिद्ध निबंधात शिडीच्या रूपकाने मांडला. तिच्या शिडीला आठ पायऱ्या आहेत. सर्वांत खाली लोकांना नुसते वळविणे, मध्ये माहिती देणे, मत विचारणे व समजूत घालणे, आणि वर भागीदारी, अधिकारदान व नागरिकांचे नियंत्रण. ती शिडी साचेबंद आहे, हा तिच्यावरचा आक्षेप योग्यच आहे. प्रत्यक्षात एकाच वसाहतीत स्त्रिया एका पायरीवर व पुरुष दुसऱ्या पायरीवर असू शकतात. परंतु महाराष्ट्रातील ‘लोकसहभागा’चा बहुतेक व्यवहार खालच्या तीन-चार पायऱ्यांवरच घुटमळतो, हे मान्य करण्यास तिचा उपयोग होतो. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने वसाहतीवसाहतींत केंद्रे उघडली, नाट्यस्पर्धा भरविल्या आणि अनेक कामगारांना रंगमंच मिळवून दिला. हे काम मोलाचे होते. परंतु नाटक बसविण्यात कामगाराचा सहभाग होता, केंद्र कोठे व कसे चालावे हे ठरविण्यात तो क्वचितच होता.

नगर जिल्ह्यापुरता या प्रश्नास एक विशेष पदर आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजारात १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे घडले त्याची कीर्ती सर्वदूर पोचली. श्रमदान, चराईबंदी, पाण्याचा ताळेबंद आणि या सर्वांवर निर्णय घेणारी ग्रामसभा. सावेडीहून थोड्याच अंतरावर ग्रामसभेचे हे सामर्थ्य पाहावयास मिळत असता सावेडीच्या वसाहतीत तसे का घडू नये, हा प्रश्न भाषणांतून विचारला जातो. प्रश्न वरवर रास्त असला तरी तो भिन्न वस्तूंची तुलना करतो. हिवरे बाजारात विहिरीची पातळी वाढली तर शेतकऱ्याचे पीक वाढते; सामाईक गोष्टीचा लाभ घरात दिसतो. वसाहतीतील माणूस पोटापाण्यासाठी नागापूरच्या औद्योगिक क्षेत्रात, शाळेत, बँकेत, बाजारपेठेत जातो. त्याचे मूळ गाव पाथर्डी, शेवगाव किंवा श्रीगोंदे तालुक्यात असते, आणि त्याची मतभावना, देवस्थान व भाऊबंदकी तिकडेच गुंतलेली असते. शिवाय ग्रामसभा हा कायद्याने दिलेला मंच आहे. सावेडी गाव होते तेव्हा तेथील माणूस गावकरी होता; शहरात आल्यावर त्याच्या हाती पाच वर्षांनी एक मत एवढेच उरले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली आणि महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभेची कल्पना कायद्यात आणली. परंतु क्षेत्रसभा हा शब्दही बहुसंख्य नागरिकांस अपरिचित राहिला. नगरला २००३ मध्ये महानगरपालिका झाली, सावेडीला प्रभाग कार्यालय मिळाले, आणि तक्रार कोठे द्यावी एवढ्यापुरते ते लोकांच्या ओळखीचे झाले. सभागृह नसलेल्या माणसास सभाधीट नाही म्हणून नावे ठेवण्यासारखेच हे आहे.

याच्या उलट बाजूस सोलापूरजवळ कुंभारी येथील विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतीचे उदाहरण ठेवता येते. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या सहकारी संस्थेची दहा हजार घरे २००६ साली पूर्णत्वास गेली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने त्यासाठी अनेक वर्षे मोर्चे काढले आणि कामगार स्त्रियांनी स्वतःचा हिस्सा भरला. त्याच चळवळीतून पुढे रे नगर उभे राहिले व त्यातील पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. येथे घरापूर्वी संघटना होती. वसाहतीत राहावयास येणाऱ्या बायका एकमेकींस सभासद म्हणून आधीच ओळखत होत्या. घर मिळाल्यावर सहभाग निर्माण करावा, हा क्रम या ठिकाणी उलटा झालेला आहे, आणि यशाचे मर्म बहुधा त्यातच आहे. तेथेही अडचणी नाहीत असे नव्हे. शहरापासूनचे अंतर, रोजगार, पाणी हे प्रश्न आहेतच. परंतु ते विचारणारा आवाज संघटित आहे. अर्थात प्रत्येक ठिकाणी अशी लढाऊ संघटना असेल असे धरून चालता येत नाही. सावेडीत ती नव्हती. घरे सोडतीने व अर्जाने मिळाली आणि शेजारी योगायोगाने लाभले.

मग सावेडीतील गच्ची कोणती? बैठ्या घरांच्या वसाहतीत सामाईक जिना नाही, नळ घरोघर आहे, आणि प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर एक मजला चढविलेला आहे. सर्वांच्या मालकीची म्हणता येईल अशी एकच गोष्ट तेथे उरते, ती म्हणजे अभिन्यासात सक्तीने सोडावी लागणारी मोकळी जागा, नगरकरांच्या बोलीत ‘ओपन स्पेस’. ही जागा कागदावर खेळाची किंवा उद्यानाची असते. प्रत्यक्षात अशा जागांवर कोठे मंदिर उभे राहते, कोठे सभामंडप होतो, कोठे तारेचे कुंपण पडते आणि कोठे गाजरगवत माजते. कोणत्याही वसाहतीत उदासीन म्हणून गणला गेलेला रहिवासी या जागेचा प्रश्न निघताच सभेस येतो, तावातावाने बोलतो, अर्जावर सही करतो. म्हणजे त्याच्या ठिकाणी वृत्तीचा अभाव नाही. मंदिर हवे की मुलांना मैदान, गणपतीचा मांडव कोठे घालावयाचा, जयंतीची मिरवणूक कोणत्या गल्लीतून न्यावयाची, स्त्रियांना संध्याकाळी बसावयास जागा कोठे, हे वादच वसाहतीचे राजकारण आहेत. आवाहनकर्त्यांना हा वाद नको असतो. त्यांना वृक्षारोपण हवे असते. वादाविना सहभाग मागितला की छायाचित्रापुरती माणसे जमतात. दुसरीकडे, वाद उघडा सोडून दिला तर त्याची वरळी होऊ शकते, हेही विसरता येत नाही. त्यासाठी वाद चालविण्याचे नियम, सर्वांना बोलावण्याची रीत आणि झालेला निर्णय पाळला जाईल याची हमी लागते. आणि ती हमी देण्याचा अधिकार आजही मंडळाकडे व महापालिकेकडे आहे, रहिवाशांकडे नाही.

पाण्याचेही असेच आहे. नगर शहरात अनेक वर्षे दिवसाआड पाणी आले. ते केव्हा येणार हे शेजारणीला विचारूनच कळे, आणि नळाला पाणी येण्याच्या वेळेभोवती गल्लीतील स्त्रियांचा एक अलिखित परस्परसंबंध तयार झाला. कोणाची मोटर पाणी ओढते, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे म्हणून त्याला आधी भरू द्यावयाचे, याचे निर्णय तेथे होत. कोणत्याही अहवालात याला सहभाग म्हटलेले नाही. पुरुषांच्या सभेत ठराव झाला तर तो सहभाग आणि बायकांनी गल्लीत न्याय केला तर ती कुजबूज, हा भेद ‘बटाट्याची चाळ’मध्येही आहे आणि योजनालेखनातही आहे.

मराठी कथा-कादंबरीने मुंबईच्या चाळीस व झोपडीस जे स्थान दिले त्याच्या अंशानेही ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या हडको वसाहतीस दिलेले नाही. अर्धी ग्रामीण, अर्धी नागरी, हप्ते फेडणारी, अंगणात तुळस व वर भाड्याने दिलेली खोली असलेली ही वस्ती समीक्षेच्या ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘महानगरी’ या कप्प्यांत बसत नाही. त्यामुळे तिच्याविषयी थोडे काही लिहिले गेले असल्यास तेही नजरेआड होते. तोपर्यंत अभ्यासकास दुय्यम साधनांकडे वळावे लागेल. सहकारी संस्थांची इतिवृत्ते, गणेशोत्सव व जयंतीच्या वर्गणीच्या वह्या, प्रभाग कार्यालयात आलेले मोकळ्या जागेविषयीचे सामुदायिक अर्ज, हळदीकुंकवाच्या निमंत्रणाच्या याद्या आणि महिला बचत गटांचे जमाखर्च. यांपैकी वर्गणीच्या वह्या सर्वांत आधी गोळा केल्या पाहिजेत. कारण नव्या वर्षाची वही आली की जुनी रद्दीत जाते, आणि कोणत्या घराने कोणत्या साली किती दिले, कोणाकडे कधी मागितलेच गेले नाही, हे दुसऱ्या कोणत्याही कागदावर नोंदलेले नसते.